साडूच्या गाडीचं मीटर

"जपून हं, साडूभाऊ. मूळचं आहे ते."

धाकट्या साडूने टॉवेलात गुंडाळलेलं मीटर काउंटरवर अशा बेताने ठेवलं, की जणू ते नुकतंच जन्माला आलंय आणि बाप तोच आहे. मास्तरांनी टॉवेल उलगडला. काळी तबकडी, पांढरे आकडे, नारिंगी काटा. इतक्या वर्षांत काचेवर साधा ओरखडा नव्हता.

मास्तर शाळेत शिकवत नव्हते. गाड्यांची मीटरं दुरुस्त करत. गावातले सगळे फिटर त्यांना 'मीटरमास्तर' म्हणत आणि घाई असली की नुसतं 'मास्तर'.

"इंजिन मात्र नवं," साडू म्हणाला. "जुनं सहा सिलिंडरचं धूड होतं, नुसतं खोकायचं. काढून टाकलं. आता चारच सिलिंडर आहेत, पण टर्बो आहे ना. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर पंखा फिरतो, तो आणखी हवा आत कोंबतो आणि मग गाडी जी सुटते..."

"माहीत आहे."

"तुम्हाला कसं माहीत नसणार. तरी सांगतो." आणि त्याने ते पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

हे इंजिन आपणच बसवलं असं साडू सगळ्यांना सांगत असे. खरं तर फिटर कित्येक महिने गाडीखाली उताणा पडून होता आणि साडू शेजारी खुर्ची टाकून बसला होता. साडूचं नळांचं आणि शॉवरांचं शोरूम होतं. लोकांनी एकजुटीने आंघोळ सोडली असती तरच त्याचं काही वाईट झालं असतं. लोक तसं करत नव्हते.

"तर अडचण अशी," साडू म्हणाला, "की हे मीटर गिअरबॉक्समधून येणाऱ्या तारेवर फिरायचं. नव्या गिअरबॉक्सला तार लावायला भोकच नाही. तो विजेचे इशारे देतो. फिटर म्हणाला, सरळ आकड्यांचं नवं मीटर लावा. मी म्हटलं, छे. गाडीत बसल्यावर डोळ्यांना नवं काही दिसता कामा नये. नवं आहे ते बॉनेटखाली. आणि आपल्या घरात एवढा मोठा माणूस असताना दुसऱ्याकडे कशाला जायचं?"

'एवढा मोठा माणूस' स्टुलावर बसून तबकडीकडे बघत होता. तरुणपणी उमेदवारी करताना मास्तरांच्या हाताखालून अशीच एक गाडी गेली होती. जपानी, दोन दारांची, लांब नाकाची, जमिनीला टेकल्यासारखी. तिचं मीटर दुरुस्त करून लावताना त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर काही मिनिटं बसायला मिळालं होतं. त्यांनी ही गोष्ट कधी कोणाला सांगितली नाही, कारण सांगण्यासारखं पुढे काही घडलंच नाही. साडू तेव्हा अर्ध्या चड्डीत असेल. आणि एका गिऱ्हाइकाकडून ही गाडी स्वस्तात पदरात पडली तेव्हा त्याने मास्तरांनाच फोन करून विचारलं होतं, "साडूभाऊ, ही कुठली गाडी हो? चांगली असते का?"

मास्तरांनी "असते" म्हटलं होतं आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं.

मीटरचं काम त्यांनी मन लावून केलं. मागच्या बाजूला अंगठ्याएवढी मोटर बसवली. गिअरबॉक्सच्या इशाऱ्यांवर ती फिरेल आणि काट्याला फिरवील. मोटरीच्या पाठीवर एक बारीक स्क्रू होता. काटा किती दाखवील हे त्याच्यावर ठरायचं. त्यांनी तो टेबलावरच अचूक लावला. चूक त्यांच्याकडून होत नसे. जुन्या गाड्यांचे व्यापारी वर्षानुवर्षं त्यांच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवत होते, "मास्तर, किलोमीटर थोडे मागे घ्या, काय म्हणाल ते देतो." मास्तर चहा पाजून त्यांना परत पाठवत. "चार मीटरं मागे फिरवली असतीत तर आपण थोडे पुढे गेलो असतो," असं बायको अधूनमधून म्हणायची. पण बाहेर कोणाशी बोलताना हीच गोष्ट मान ताठ करून सांगायची.

मीटर गाडीत बसवायच्या दिवशी साडूने गाडी दुकानासमोर आणून उभी केली. बायको वरच्या मजल्यावरून खाली आली. गुडघ्यांमुळे तिला पाटावर बसवत नव्हतं. पण त्या जमिनीलगतच्या सीटमध्ये ती कुरकुर न करता उतरली.

"अहो, बघा तरी. किती छान आहे."

"बघतोय," मास्तर म्हणाले. ते डॅशबोर्डखाली डोकं घालून पेडलांमध्ये आडवे झाले होते. त्यांना बायकोच्या फक्त चपला दिसत होत्या.

"ताई, पहिली चक्कर तुम्हाला," साडू म्हणाला.

"मारा, जावईबापू. यांच्या स्कूटरवर मागे बसलं की पायी चालणारी माणसं पुढे जाताना आमची चौकशी करतात."

साडू हसला. बायकोही हसली. ते हसणं मास्तरांच्या ओळखीचं होतं, पण बऱ्याच वर्षांत गाठ पडली नव्हती.

स्क्रूड्रायव्हर हातातच होता. त्यांनी तो स्क्रू पाव फेरा मागे घेतला. आता गाडी शंभरने धावली की काटा ऐंशी सांगणार होता. पैसे पुढे ठेवून हात जोडणाऱ्यांसाठी जे आयुष्यभर केलं नाही, ते त्यांनी फुकटात केलं.

आठवडाभरात साडू दुकानात आला. चेहरा उतरलेला.

"पळत नाही हो."

"कोण?"

"गाडी. पूर्ण दाबली तरी काटा रांगतो. जुनं इंजिन याच्यापेक्षा बरं होतं म्हणायची वेळ आलीय. सगळ्यांना सांगून बसलोय मी."

"होतं असं कधी कधी," मास्तर म्हणाले आणि त्याच्यासाठी चहा मागवला.

त्यांना झोप छान लागू लागली. भूकही सुधारली. रात्री जेवताना बायको म्हणाली, "एवढा खटाटोप करून ऐंशी? टुरिस्ट गाड्या पुढे जातात म्हणे त्याच्या." मास्तरांनी भाजी आणखी मागून घेतली.

मग फिटर आला. स्टुलावर बसला नाही. दारातच उभा राहिला.

"मास्तर, माझं काय चुकतंय कळत नाही. दोनदा उघडलं इंजिन. कानाला एक ऐकू येतं, काटा दुसरंच सांगतो. आता काय, कान गेला म्हणायचं."

"मीटर तपासलंस का?" मास्तरांनी विचारलं. आपण हे का विचारलं ते त्यांना कळलं नाही. कदाचित पकडलं जावं असंच वाटत असेल.

फिटर पहिल्यांदाच हसला. "तुमचं मीटर तपासू? उद्या म्हणाल, आईकडे वयाचा दाखला माग." मग तो गंभीर झाला. "तुमचे साडू बाजारभर सांगत फिरतायत, फिटर अडाणी निघाला म्हणून. आता टर्बोचा दाब वाढवतो. दुसरं काय करू?"

हीच बोलायची वेळ होती. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. तेवढ्यात फिटर निघून गेला.

दाब वाढला. रविवारी साडू गाडी घेऊन आला. मागून टॅक्सीने मेहुणी आली. सगळे गावाबाहेरच्या नव्या, सरळ रस्त्यावर गेले. मास्तर आपल्या स्कूटरवर, सगळ्यांत शेवटी. गाडीत जागा दोघांचीच. बायकोने पर्स मास्तरांच्या हातात दिली, पदर खोचला आणि साडूशेजारी बसली. गाडी गेली. आधी दिसेनाशी झाली, मग ऐकू येईनाशी.

रस्त्याकडेच्या कठड्यावर मेहुणी आणि मास्तर बसले.

"मी त्यांना बजावलंय भावोजी, ताई शेजारी असताना काटा शंभरच्या पुढे गेला तर घरात घेणार नाही. ताईलाही सांगितलंय, तू रस्ता बघू नकोस, काटा बघ. आता दाब वाढवलाय, शंभर सहज गाठते म्हणे."

काट्याचे शंभर म्हणजे गाडीचे सव्वाशे. इंजिन नवं होतं. ब्रेक गाडीच्याच वयाचे होते. मास्तर उठले. बायकोचा फोन तिच्या पर्समध्ये होता आणि पर्स त्यांच्या हातात. साडूला फोन करावा तर तो चालवता चालवता उचलणार. तो उचलणाऱ्यांपैकीच होता. मास्तर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"भावोजी, बसा हो. मी नवरा दिलाय, तुम्ही बायको दिलीत, फिट्टंफाट. एवढं काय?"

मास्तर बसले नाहीत. दुपारच्या उन्हात रस्ता लांबवर पाणी सांडल्यासारखा चमकत होता. त्यात एक ठिपका दिसला, तो ट्रक निघाला. आणखी एक दिसला, तोही ट्रकच. तिसरा ठिपका जमिनीलगत होता.

गाडी येऊन थांबली. बायकोला उतरायला साडूने हात दिला. तिचे केस पार विस्कटले होते आणि ते नीट करायची तिला घाई नव्हती.

"शंभर," ती म्हणाली. "टेकला काटा शंभरला."

"भीती नाही वाटली?" मेहुणीने विचारलं.

"वाटली गं. मला ठाऊक नव्हतं शंभर म्हणजे एवढं असतं. पण म्हटलं, काटा यांच्या हातचा आहे. शंभर म्हणजे शंभरच."

"एका वळणावर मागची चाकं जरा घसरली," साडू म्हणाला. "पण शंभरातच होतो, सावरली."

मास्तरांनी पर्स बायकोच्या हातात दिली. "मीटर कमी दाखवतंय," ते म्हणाले. "तुम्ही सव्वाशेला होतात."

 मग साडूचा चेहरा हळूहळू उजळला.

"सव्वाशे? नक्की?" तो आपल्या बायकोकडे वळला. "ऐकलंस, सव्वाशे. म्हणजे पळते. आधीपासून पळतच होती." त्याने गाडीच्या टपावर थाप मारली. "मीटर चुकलं होय. असू दे हो, साडूभाऊ, मनाला लावून घेऊ नका. वय झालं की हात हलतोच."

मास्तरांची बायको मात्र गाडीकडे बघत नव्हती. ती मास्तरांकडे बघत होती.

मास्तरांनी तिथेच, सगळ्यांदेखत डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि स्क्रू जागेवर आणला. साडू वरून टॉर्च धरून त्यांना धीर देत होता.

परतताना बायको स्कूटरवर मागे बसली. पहिल्या सिग्नलला स्कूटर थांबली, तेव्हा तिने विचारलं.

"फिरवलंत?"

"हो."

"कशासाठी?"

खरं कारण या वयात बायकोला सांगण्यासारखं नव्हतं; मास्तरांनी गिअर टाकला. सिग्नल सुटला. एरवी त्यांच्या खांद्यावर असायचा त्या हाताने तिने सीटमागची दांडी धरली.

पुढच्या आठवड्यात गावभर दोन बातम्या झाल्या: साडूची गाडी उडते आणि मीटरमास्तरांचा हात आता पूर्वीचा राहिला नाही. दोन्ही साडूनेच पसरवल्या, पैकी दुसरी अत्यंत हळहळून. फिटरबद्दल मात्र तो काहीच बोलला नाही. अडाणी म्हटलेलं त्याने परत घेतलं नव्हतं, तो फक्त विसरला होता. म्हणून मास्तर स्वतः गॅरेजात गेले.

"त्या गाडीचं मीटर—"

"कळलं," फिटर म्हणाला. "चुकलं तुमचं. चुकायचंच कधीतरी. मी तर सगळ्यांना सांगतो, एवढ्या वर्षांत एकदा."

तो त्यांची बाजू घेत होता. मास्तरांनी तसंच घरी परत जायचं म्हटलं असतं तर वाट मोकळी होती.

"चुकलं नव्हतं," ते म्हणाले. "मी फिरवलं होतं."

फिटरने हाताला लागलेलं काळं ऑइल फडक्याने पुसायला घेतलं. हात स्वच्छ झाले तरी तो पुसत राहिला.

"मी दोनदा इंजिन उघडलं, मास्तर."

"हो."

"बायकोला सांगितलं होतं, आता कानावर विसंबायचे दिवस गेले म्हणून."

"कान ठीक आहे तुझा."

फिटरने फडकं खुंटीला लावलं. 'का' असं त्याने विचारलं नाही. चहा घेणार का, एवढं विचारलं. दोघांनी उभ्याउभ्याच घेतला.

त्यानंतर बरेच दिवस फिटरकडून काम आलं नाही. मग एका जुन्या व्हॅनचं मीटर आलं. मास्तरांनी ते नीट करून स्वतःच गॅरेजात नेलं. फिटरने लावलं आणि म्हणाला, "चला, एक फेरी मारून येऊ." पूर्वी तो अशी फेरी मारत नसे. मीटर लावायचा, काच पुसायचा आणि गिऱ्हाइकाला चावी द्यायचा.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने वेग कमी केला आणि खिशातून फोन काढला. त्यावर वेग मोजायचं काहीतरी लावलं होतं. फोन कुठे ठेवावा ते त्याला कळेना. मांडीवर ठेवला तर घसरत होता. मास्तरांकडे न बघता तो म्हणाला, "राग मानू नका."

"तू रस्त्याकडे बघ," मास्तर म्हणाले. "इकडे दे."

त्यांनी फोन घेतला आणि पुढे वाकून मीटरच्या अगदी शेजारी धरला, फिटरला दोन्ही आकडे एकदम दिसतील असा. काटा साठवर आला. फोनवरही साठ आले. फिटरने मान हलवली आणि पाय सैल केला.

"ऐंशीलाही बघून घे," मास्तर म्हणाले. त्यांनी हात तसाच धरून ठेवला.