गिऱ्हाईकाचा फोन

माझी एकुलती लेक तनया वाघोलीच्या रस्त्याकडेला स्कूटर थांबवून ओढणी सावरत होती. सौमित्र नावाच्या एका फ्लॅट-दलालानं मागून गाडीनं उडवली. जागीच गेली पोर. कानाला फोन. कोर्टात म्हणतो, "गिऱ्हाईकाचा फोन होता, घ्यावाच लागतो." यम आला तरी मेला विचारेल, "बोला साहेब, टू बीएचके की थ्री?"

जामीन मिळाला, गाडीही परत दारात आली. कोर्टात नुसती तारीख पे तारीख. मला तो आत हवा होता. वकील म्हणाले, "मंदाकिनीताई, पुन्हा गाडीत फोनवर सापडला, तर जामीन रद्द करून घेतो."

मग ठरवलंच. सापडत नाही म्हणजे काय! रोज सकाळी तो स्वारगेटच्या अलीकडच्या चौकातून जातो. तिथल्या हवालदार महिपतींना सांगून ठेवलं. ते म्हणाले, "बाई, हातात फोन दिसला तरच धरीन."

"दिसेल."

त्याची पांढरी गाडी आली, सिग्नल लाल झाला. फुटपाथवरून मी फोन लावला.

"बोला मॅडम!"

"फ्लॅट हवेत. चार."

"चार? नाव सांगा, लगेच सेव्ह करतो!" लेकाची मान खाली गेली. गाडी मात्र थांबेना.

समोर झेब्रावर कॉलेजची एक पोरगी, पाठीला सॅक. अगं बाई! सूड घ्यायच्या नादात रस्त्यावर दुसरंही कोणी असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ब्रेक मार, मुडद्या!" मी फोनमध्ये किंचाळले.

टायर किंचाळले. पोरगी धक्का लागून पडली, गुडघा फुटला, पण उठून उभी राहिली. महिपती आधी तिच्याकडे धावले, मग त्याच्याकडे.

तोवर फोन सीटखाली. "साहेब, ब्रेकच लागला नाही. फोन? छे हो, विचारा कोणालाही!"

महिपतींनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, मी पोरीकडे बघत होतो. फोन काही दिसला नाही."

मी पुढे गेले नि माझा मोबाईल त्यांच्या हातात दिला. "माझ्याशीच बोलत होता. हा नंबर, ही वेळ."

सौमित्र पांढराफटक पडला. मला ओळखलं त्यानं. "काकू, तुम्ही मुद्दाम केलात! तुम्हीही आत जाल!"

"जाईन की. साहेब, दोघांचीही नावं लिहा. घरी माझी वाट बघणारं यानं कोणी ठेवलंय का?"