वर ओढायला कुणी नाही

मी एक आइसबॉक्स बोलतोय. लाल अंग, पांढरं झाकण, दोन्ही बाजूंना एकेक कडी. कड्या दोन आहेत, हे लक्षात असू द्या. माझं सगळं दुखणं तिथंच आहे.

मला लिहिता-वाचता येत नाही. माझ्या पोटावर काहीतरी छापलेलं होतं, ते काय होतं हे कळायच्या आधीच उन्हानं पुसून टाकलं. मला एकच गोष्ट शिकवली: आत घातलेलं थंड ठेव. ती मी करत आलो. त्यामुळे लोकांना वाटतं, याला काही लागत नाही, याला काही बोचत नाही. वाटू दे.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. साचा उघडला, मी बाहेर पडलो, माझ्यासारखे शेकडो बाहेर पडले. त्याला जन्म म्हणायचं असेल तर म्हणा. माझा खरा जन्म डोंगरावरच्या दुरांगो शहरातल्या बाजारातला. एका दुकानाबाहेर मी दोरीला लटकत होतो आणि दोन भाऊ आले. थोरला रोसेन्दो, नखांत टायरचं काळं बसलेला. धाकटा लायो, सारखा बडबडणारा. रोसेन्दोनं माझ्यावर बुक्की मारून बघितली, मग मला खाली उतरवून माझ्यावर बसून बघितलं.

“दादा, डबा घेतोयस की खुर्ची?”

“भाऊ घेतोय,” रोसेन्दो म्हणाला. “तू काही कामाचा निघाला नाहीस. हा बघ, तोंड मिटून बसतो.”

त्या दिवसापासून मी तिसरा. सगळ्यांत धाकटा. म्हणून मीही रोसेन्दोला दादाच म्हणतो.

वर्षभर मी त्यांच्या टायरच्या दुकानात असायचो, हमरस्त्याच्या कडेला. ट्रकवाले माझ्यावर बसून पंक्चर निघेपर्यंत राजकारण बोलायचे. दुरांगोच्या हिवाळ्यात माझ्या पोटात बर्फाऐवजी नट आवळायचे पाने आणि स्क्रू असायचे. माझी तक्रार नव्हती. कारण ईस्टरच्या आधीचा आठवडा आला की दादा मला साबणानं घासायचा, आई बुरितोच्या गुंडाळ्या बांधायची, अंडी उकडायची, आणि आम्ही तिघं बसनं डोंगर उतरून मासात्लानला जायचो. समुद्रावर.

हॉटेल ओला मान्सा. भिंतींचा रंग खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेला, बंद लिफ्टच्या दाराशी कायम एक कुंडी ठेवलेली, नळाचं पाणी तोंडात घेतलं की ओठ खारट. पण मागच्या पायऱ्या उतरलात की पाय थेट वाळूत. आमच्यासारख्यांना आणखी काय पाहिजे?

काउंटरवर ब्रिहिदाबाई बसायच्या. त्यांच्या डोक्यावर पाटी होती: आइसबॉक्स आणि बाहेरचं खाणं आणू नये. खाणं हॉटेलातच विकत घ्यावं, असं मालकाचं म्हणणं. असं म्हटलं की आमचे लोक काय करतात? दादा रिकामे हात हलवत पुढून आत जायचा, मनगटावर हॉटेलची हिरवी पट्टी बांधून घ्यायचा, खोलीत जायचा आणि समुद्राच्या बाजूच्या गॅलरीतून दोरी खाली सोडायचा. खाली लायो मला घेऊन उभा. दोन्ही कड्यांतून दोरी ओवायची, गाठ मारायची, शीळ घालायची.

“ओढ, दादा!”

“काय भरलंयस यात? आईला आणलंस काय?”

“ओढ की! माणसं बघतायत!”

“बघू देत. शेजारच्या गॅलरीत बघ, ते तर आजोबांना ओढतायत!”

आणि मी वर निघायचो. भिंतीला आपटत, हेलकावे खात. एका बाजूला समुद्र, तीन बेटं, खाली लायोचं वर केलेलं तोंड, वर दादाचं लालबुंद झालेलं तोंड. आयुष्यात यापेक्षा चांगली जागा मला कधी मिळाली नाही. दोन भावांच्या मध्ये, अधांतरी.

सकाळी जागा धरायला मलाच पाठवायचे. झावळ्यांच्या एकेका छत्रीखाली दोन-दोन खुर्च्या. लायो डोळे चोळत मला एका खुर्चीवर ठेवायचा, दुसरीवर चपला. मग कुणाची हिंमत नाही. आमच्याकडे माणसापेक्षा त्याच्या सामानाला जास्त मान असतो.

आणि खायची वेळ झाली की दादा माझ्या झाकणावर हातानं ढोल वाजवायचा. धप् धप् धप्. लायो कितीही लांब लाटांत असो, ते ऐकलं की धावत सुटायचा.

फक्त गुड फ्रायडेला लायो पाण्यात जायचा नाही. त्या दिवशी जो समुद्रात उतरेल त्याचा मासा होतो, असं आमची आई सांगते, तिची आई सांगायची, सगळ्यांच्या आया सांगतात. दादा मात्र मुद्दाम उतरायचा. बाहेर येऊन ओलाच लायोच्या अंगावर पडायचा. “बघ रे, खवले आले का? मानेवर बघ!” लायो हसायचा, आणि हळूच मानेवर बघायचाही.

आता पुढचं एका दमात सांगतो, नाहीतर सांगणार नाही. गेल्या वर्षी ईस्टरच्या आधी, कामाचाच एक दिवस. ट्रकच्या चाकात हवा भरताना लोखंडी रिंग उडाली, थेट दादावर. लायो कोपऱ्यावर गोर्दिता आणायला गेला होता. तो दोघांचं खाणं घेऊन परत आला. मी तिथंच होतो, भिंतीशी. दादा मघापर्यंत माझ्यावर बसलेला होता. माझं झाकण अजून गरम होतं.

थंड ठेवायचं माझं काम. पण ते गरम राहावं असं मला वाटत होतं. राहिलं नाही.

हॉटेलची खोली दादानं आधीच सांगून ठेवली होती. दोघांची. लायो म्हणाला, मी जाणार. आई काळ्या कपड्यांत उभी राहिली दारात.

“सुतकात समुद्रावर? लोक काय म्हणतील?”

“लोकांना टायर बदलायला येतं का? मग त्यांचं काय ऐकायचं!”

“लायो, मी तुला जेवण बांधून देणार नाही.”

“नको देऊ!”

तो दार आपटून बाहेर पडला, आणि मला विसरून गेला, म्हणून परत आला. मधल्या वेळात आईनं काय केलं ते मला माहीत होतं. लायोला माहीत नव्हतं.

बसस्टँडवरून त्यानं मला छातीशी धरून आणलं. एकट्याला माझ्या दोन्ही कड्या धरायच्या तर असंच करावं लागतं, आणि मग पुढचं काही दिसत नाही. हॉटेलच्या मागे जाऊन तो गॅलरीखाली उभा राहिला. सवयीनं. वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मला उचलून सरळ पुढच्या दारानं आत आला आणि ब्रिहिदाबाईंच्या काउंटरवर, पाटीच्या खाली, मला ठेवलं.

बाईंनी चष्मा खाली केला. “काय रे? दरवर्षी मागून चढवता. यंदा माझी एवढी कदर?”

म्हणजे त्यांना माहीत होतं. दरवर्षी.

“वर ओढायला कुणी नाही,” लायो म्हणाला.

ब्रिहिदाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या मागे दाराकडे बघितलं, परत त्याच्याकडे बघितलं. हिरव्या पट्ट्या काढल्या. एक त्याच्या मनगटावर बांधली.

“दुसरीपण द्या. खोली दोघांची आहे.”

त्यांनी दिली. लायोनं ती माझ्या कडीला बांधली. दादाच्या बाजूच्या.

मग सुरू झालं ते जागा धरणं. रोज सकाळी मी दादाच्या खुर्चीवर, लायो शेजारी. समुद्राकडे बघत. गर्दी म्हणजे मुंगीला जागा नाही. वाजंत्री, शिंपलेवाले, केसांच्या वेण्या घालून देणाऱ्या बाया. जो तो विचारायचा, “ही रिकामी आहे?”

“येतोय तो.”

“कधी?”

“येतोय म्हटलं ना!”

शेजारच्या छत्रीखाली साकातेकासहून आलेलं मोठं कुटुंब होतं. त्यांच्या आजी, ओतिलिया, सुजलेले पाय घेऊन आमच्या सावलीच्या कडेला बादली पालथी घालून बसायच्या. सून, नातवंडं, सगळ्यांना हुकूम सोडायच्या, आणि नजर आमच्या खुर्चीवर.

गुड फ्रायडेच्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं. “पोरा, तुझा माणूस येतोय तरी कुठून? चालत?”

“आजी, तुम्हाला काय करायचंय?”

“मला बसायचंय. दुसरं काय करणार या वयात!”

“ही जागा धरलेली आहे.”

“धर बाबा, धर. आमच्याकडे मेलेल्याची सुद्धा इतके दिवस धरत नाहीत.”

सून हसली. आजी हसल्या. त्यांना काय माहीत होतं? त्यांची चूक नाही, हे मी आज म्हणतो. त्या दिवशी मला हात असते तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

लायो उठला. शर्ट काढला नाही, चपला काढल्या नाहीत. सरळ चालत पाण्यात गेला.

“अगंबाई! आज?” सून म्हणाली आणि छातीवर क्रॉसची खूण केली. “मासा होईल की याचा!”

तो कमरेपर्यंत गेला. मग दिसला नाही. मग दिसला, लांब, लाटा फुटतात त्याच्याही पलीकडे. काठावर लाल झेंडा होता. तो बेटांच्या दिशेनं जात होता, जणू तिकडे कुणीतरी उभं आहे. काय करायला चालला होता, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मला वाटत नाही त्यालाही माहीत होतं.

मी खुर्चीवर. मला ओरडता येत नाही. दोन भाऊ होते मला. एक माझ्या डोळ्यांसमोर गेला आणि दुसरा चालला होता, आणि मी जागा धरून बसलो होतो! आग लागो त्या जागेला.

ओतिलियाआजींचं हसू थांबलं. त्या बादलीवरून उठल्या. “कुणीतरी जा रे! तो पोरगा परत येत नाहीये!” जीवरक्षकाचा मनोरा लांब, आणि बाजूला वाजंत्र्यांचा टुबा वाजतोय. त्यांचा आवाज कुणाला जाणार? त्यांनी आजूबाजूला बघितलं, आमच्या खुर्चीशी आल्या आणि दोन्ही हातांनी माझं झाकण बडवायला लागल्या.

धप् धप् धप्. धप् धप्.

वेडंवाकडं वाजवलं त्यांनी. दादासारखं नाही. पण आवाज माझा होता. मी अंगात होता नव्हता तेवढा जीव त्यात घातला.

जीवरक्षकानं मान वळवली, तो धावत निघाला. पण त्याच्याही आधी लांब पाण्यात ते डोकं थांबलं. वळलं.

जीवरक्षक कमरेएवढ्या पाण्यात पोचला तोवर लायो त्याच्या बाजूनं निघूनही आला. धावत. लहानपणी यायचा तसा, पाणी उडवत, धडपडत. त्याच्या तोंडावर जे होतं ते मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. भूक लागलेल्या पोराचं तोंड होतं ते. दादानं बोलावलं म्हणून आलेल्या.

मग त्यानं खुर्चीशी उभ्या आजी बघितल्या, आणि ते तोंड मावळलं.

आजी भीती लपवायला जे सुचलं ते बोलल्या. “बघू. खवले आले का?”

लायो वाळूत गुडघ्यांवर बसला. “आजी, तो येणार नाहीये.”

“कोण बाळा?”

“माझा दादा. तो कधीच येणार नाहीये.”

आजींनी अरेरे म्हटलं नाही, देवाची मर्जी म्हटलं नाही. त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. आणि म्हणाल्या, “मग मी बसू का? पाय फार दुखतायत रे.”

लायोनं मला उचललं आणि दोन खुर्च्यांच्या मध्ये, वाळूत ठेवलं. आजी दादाच्या खुर्चीत बसल्या.

मग त्यानं माझं झाकण उघडलं. बर्फाच्या पिशव्यांवर पिशव्या ओतताना इतके दिवस त्याचा हात तळापर्यंत गेलाच नव्हता. आज गेला. तळाशी आईचा डबा. कापिरोतादा: गुळाच्या पाकातला पाव, वर मनुका आणि चीज, आमच्याकडे शुक्रवारी करतात ते. डब्यावर रुमाल, आणि रुमालात दोन चमचे.

“आईनं दोन का घातले?” त्याचा आवाज फाटला.

“हात ऐकत नाहीत, बाळा. तिचे तरी कसे ऐकतील.” आजींनी एक चमचा घेतला, खाल्लं, तोंड वाकडं केलं. “पाक कमी आहे.”

“आईचा कमीच असतो. दादाला तसाच आवडायचा.”

“मग त्याला जिभेचं काही कळत नव्हतं,” आजी म्हणाल्या आणि आणखी घेतलं. लायो हसला. रडता रडता हसला, नाकातोंडातून पाणी. डबा त्यांनी संपवला. मी दोघांच्या मध्ये होतो. अधांतरी नव्हतो, पण मध्ये होतो.

रविवारी ब्रिहिदाबाईंनी कात्रीनं त्याची पट्टी कापली. माझ्या कडीकडे कात्री नेली, तेव्हा तो म्हणाला, “ती राहू द्या.” खांद्यावर बॅग, दुसऱ्या हातात आजींनी दिलेली खाऊची पिशवी. त्यानं एका कडीनं मला उचललं. आत बर्फाचं पाणी होतं, मी कलंडलो, तो थांबला.

“बाई, हा राहू दे इथे. पुढच्या वर्षी येतो.”

“आइसबॉक्सना बंदी आहे,” त्या म्हणाल्या, आणि मला ओढून जिन्याखाली ठेवलं.

तेव्हापासून मी इथे आहे. माझ्या पोटात आता फरशी पुसायची फडकी असतात, कधी पाहुणे विसरून गेलेले पोहण्याचे कपडे. यंदाचा ईस्टर आला आणि गेला. लायो आला नाही. दुरांगोच्या पाहुण्यांना ब्रिहिदाबाई विचारतात. कुणी म्हणतं दुकान चालू आहे, कुणी म्हणतं एकटाच बसलेला असतो. जिन्याखालच्या जाळीतून मला मागची बाजू दिसत नाही, पण ऐकू येतं. दोरी भिंतीला घासते. खालून कुणीतरी ओरडतं, “ओढ, ओढ!” वरून कुणीतरी शिव्या घालतं. दरवेळी मला वाटतं, आपल्यालाच म्हणतायत.

तुम्ही कधी डोंगर चढून दुरांगोच्या रस्त्यानं गेलात, आणि कडेला टायरचं दुकान दिसलं, तर चाकाला काही झालं नसलं तरी थांबा. लायोला नुसतं बसून राहू देऊ नका, उठवा, चालायला लावा. आणि माझा एक निरोप द्या. म्हणावं, पट्टी अजून कडीला आहे, हिरवीची पांढरी झालीय. म्हणावं, तू मला ठेवून गेलास त्याचा राग नाही. भरलेला असलो की मी एकट्यानं उचलण्यासारखा नाहीच.

पण ब्रिहिदाबाई फडकी काढून देतील. मी आता रिकामा आहे, लायो. रिकाम्याला एक हात पुरतो.