पक्कडमामा कामावर हजर

"मेलेला माणूस पंप दुरुस्त करतोय. पान एकशे बारा," असं म्हणून धाकट्या साहेबांनी नवं कोरं पुस्तक टेबलावर ठेवलं, कोर्टात पुरावा ठेवावा तसं, दोन बोटांनी.

समोर भिंगकाका उभे होते. धाकटे साहेब छप्पन्न वर्षांचे होते. त्यांचे वडील, म्हणजे थोरले साहेब, जाऊन अठरा वर्षं झाली होती, पण प्रकाशनाच्या कचेरीत मुलाला बढती द्यायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. भिंगकाका तिथले मुद्रितशोधक. छपाईआधीची कच्ची पानं वाचून चुका काढायच्या, हे त्यांचं चौतीस वर्षांचं काम. लोक खिशाला पेन लावतात, हे भिंग लावत.

"तुम्ही वाचलं होतं ना हे?"

"तीनदा."

"पक्कडमामा नवव्या भागात गेला. बरोबर?"

"बरोबर."

"हा तेविसावा. म्हणजे मरून चौदा भाग झालेला माणूस येतो, नळीचा जोड आवळतो, 'झालं, सोडा आता पाणी' म्हणतो आणि चालता होतो. कप्तान दचकत नाही. डॉक्टरीणबाई दचकत नाहीत. ठीक आहे, ती कागदावरची माणसं. पण तुम्ही?"

खरं म्हणजे भिंगकाका चांगलेच दचकले होते. पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

ही मालिका न वाचलेली माणसंही जगात आहेत असं ऐकिवात आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. 'चिकाटी' नावाचं अंतराळयान गेली चौतीस वर्षं एका ताऱ्याकडे निघालेलं होतं आणि अजून पोचलं नव्हतं. वाचकांची त्याबद्दल तक्रार नव्हती. पोचलं असतं तर आली असती. या यानावरचा पंप दुरुस्त करणारा तो पक्कडमामा. कथेत त्याला फारसं काम नसे. कप्तान विश्वाच्या उत्पत्तीवर बोलत असला की हा मागे कुठेतरी गळती शोधत असायचा. नवव्या भागात एका कक्षाची हवा निसटायला लागली, तेव्हा मामाने आत राहून दार लावून घेतलं आणि यान वाचवलं. त्या वेळी वाचकांची सांत्वनपत्रं आली होती. थोरल्या साहेबांनी कचेरी अर्धा दिवस बंद ठेवली होती, आणि एका गृहस्थांनी तेराव्या दिवशी फोन करून "घरचे कसे आहेत?" असंही विचारलं होतं.

आता मामा परतला म्हटल्यावर काय होणार? नऊ दिवसांत दोन खोकी भरून पत्रं आली. एकाने सिद्ध केलं होतं की त्या कक्षात चार मिनिटांची हवा शिल्लक होती आणि मामाची छाती रुंद होती. भूमितीच्या एका शिक्षिकेने चौदा पानं आकृत्यांसह कळवलं होतं की यान वळसा घालून स्वतःच्याच भूतकाळात शिरलं आहे. हे तिच्या विसाव्या भागातच लक्षात आलं होतं, पण लेखकाचा हिरमोड नको म्हणून ती बोलली नव्हती. कुणी म्हणालं, हा जुळा भाऊ. त्यावर दुसऱ्याने लिहिलं की जुळे भाऊ आणणार असाल तर मी मालिका सोडतो. हे गृहस्थ दर भागानंतर मालिका सोडत आणि पुढच्या भागाच्या दिवशी दुकान उघडायच्या आधी दारात उभे असत. एका बाईंचं नुसतं कार्ड होतं. "कारण सांगू नका. तो आला, बरं वाटलं." भिंगकाकांनी ते दोनदा वाचलं.

"वाचक मंडळाचे अध्यक्ष रोज फोन करताहेत," धाकटे साहेब म्हणाले. "चाळीस वर्षं लिफ्टच तपासल्या त्या माणसाने. म्हणतो, ते दार एकदा लागलं की बाहेरून उघडत नाही, मला दारं शिकवू नका. रविवारी मेळाव्यात दादांनाच विचारणार आहे, भर सभेत."

दादा म्हणजे लेखक. भिंगकाकांचा चेहरा उतरला.

"दादांना नका विचारू देऊ."

"का?"

"प्रकृती बरी नसते."

"काल तर फोनवर छान हसत होते! आणि त्यांनीच हे मुद्दाम केलं असेल तर उत्तमच की. चोविसावा भाग हातोहात जाईल. मुद्दाम नसेल, तर चूक. आणि चूक असेल तर," धाकटे साहेब थांबले, कारण पुढचं वाक्य त्यांच्या वडिलांचं होतं आणि भिंतीवर तसबिरीत लावलेलं होतं. 'आमच्या पुस्तकात चूक दाखवा, पुढचं पुस्तक भेट घ्या.' चौतीस वर्षांत एकही पुस्तक भेट द्यावं लागलं नव्हतं. थोरले साहेब पाहुण्यांना आधी ती तसबीर दाखवत आणि मग भिंगकाकांना.

भिंगकाकांकडे त्यासाठी एक वही होती. तिचं नाव 'हयातीची वही'. चिकाटी यानावर कोण जिवंत, कोण गेला, कुणाचा डावा हात कुठल्या ग्रहावर राहिला, सगळं तारीखवार. दादा कल्पनेच्या भरात माणसं मारत आणि विसरत. मग भिंगकाका वही उघडून समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढत. सतराव्या भागात एका हाताच्या तोफचीने टाळ्या वाजवल्या होत्या, तेव्हा असंच प्रश्नचिन्ह पाहून दादा पोट धरून हसले होते. "अहो भिंग, तुम्ही नसता तर माझ्या यानात सगळी भुतंच असती!"

याही वेळी पान एकशे बारावर भिंगकाकांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं. दोन महिन्यांपूर्वी कच्ची पानं घेऊन ते दादांच्या घरी गेले. दादा खिडकीशी बसले होते. वहिनींनी चहा दिला.

"दादा, पक्कडमामा इथे कसा? तो तर गेला."

"कुठे गेला?"

"म्हणजे, वारला ना."

दादांनी कप खाली ठेवला. "कधी?"

भिंगकाका हसले, त्यांना वाटलं, थट्टा आहे. दादांची थट्टा अशीच असायची, गंभीर तोंडाची. पण दादांचे डोळे भरून आले होते.

"कधी गेला? आजारी होता का?" दादा म्हणाले. "एवढा जुना माणूस आपला. आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. भिंगकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पानाकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "माझीच गफलत झाली, दादा. तो दुसरा कुणीतरी. मामा ठणठणीत आहे."

"असं नका हो घाबरवू माणसाला," दादा म्हणाले आणि त्यांनी चहा पुन्हा उचलला.

भिंगकाकांनी खिशातून खोडरबर काढलं आणि आपलं प्रश्नचिन्ह पुसलं. चौतीस वर्षांत स्वतःची खूण त्यांनी प्रथमच पुसली. फाटकापर्यंत सोडायला आलेल्या वहिनी म्हणाल्या, "वर्ष झालं असं चाललंय. कुणाला सांगू नका, भाऊजी. एकदा कळलं की लोक त्यांच्याशी मोठ्यानं बोलायला लागतील. लहान मुलाशी बोलावं तसं."

भिंगकाकांनी सांगितलं नाही. दुसरं एखादं नाव घालून ते पान सहज नीट करता आलं असतं, हे खरं. पण छापून आलेलं पुस्तक दादा पहिल्या पानापासून वाचून काढत. त्यांनी एकशे बारावर मामाला शोधला असता आणि तो नसता, तर? तसबिरीचा विचार त्यांनी फाटकापासून बसथांब्यापर्यंत केला. बस आली, आणि विचार थांबला.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बायको उशांना अभ्रे घालत होती. तिने मालिकेचा एकही भाग वाचला नव्हता. पहिल्या भागात 'त्या यानात भांडी कोण घासतं?' असं तिने विचारलं होतं, आणि लेखकाकडून उत्तर न आल्याने तिथेच पुस्तक मिटलं होतं.

"मग आता उद्या काय करणार तुम्ही?"

"सांगणार, चूक माझी."

बायकोचा हात अभ्र्यात तसाच राहिला. "संसारात मला एकदा 'चुकलो' म्हणाला नाहीत, आणि तिथे दोनशे माणसांपुढे म्हणणार?"

"तुझ्यापुढे सवय केली असती तर बरं झालं असतं."

"करा की आत्ता. म्हणा."

"काय?"

"चुकलो म्हणा. तालीम होईल."

भिंगकाकांनी घसा खाकरला. म्हणाले, "चुकलो."

"कशाबद्दल?"

"ते सभेत सांगणारच आहे."

"पुटपुटू नका तिथे," बायको म्हणाली. "आणि निळा शर्ट घाला. इस्त्री करून ठेवते."

रविवारी सकाळी सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर दादा कोट घालून बसले होते, प्रसन्न, सगळ्यांकडे पाहून मान हलवत. पहिल्या रांगेत वहिनी. वाचक मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले. हातात ध्वनिक्षेपक आणि पुस्तक. पुस्तकात एकशे बाराव्या पानावर लाल खूण.

"दादा, आम्हाला एकच विचारायचंय. दार आतून लागलं होतं. मी चाळीस वर्षं..."

"अध्यक्ष, एक मिनिट," मागून आवाज आला. दोनशे माना वळल्या. निळ्या शर्टातले भिंगकाका मधल्या वाटेने पुढे आले. "त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. मी इथला मुद्रितशोधक. दादांच्या मूळ प्रतीत तिथे नुसता 'पंपवाला' आहे. नवा माणूस आहे तो. पक्कडमामाचं नाव तिथे माझ्या हातून घातलं गेलं. जुनी सवय. दादांचा त्यात काही दोष नाही."

सभागृहात कुणी पंखा बंद केल्यासारखं झालं.

"म्हणजे वेळेचा वळसा नाही?" भूमितीच्या बाईंनी जागेवरूनच विचारलं.

"नाही."

"माझी चौदा पानं वाया घालवलीत तुम्ही!"

"चुकलो, बाई." तालीम कामी आली. आवाज स्पष्ट होता.

"तुम्ही ते तसबिरीतले ना?" अध्यक्षांनी विचारलं. "एकही चूक न करणारे?"

"तोच."

"पहिलीच?"

"पहिलीच."

"मग जरा लहानशी करायची होती. सरळ मेलेला माणूस उठवलात?"

सभागृह हसलं. भिंगकाका ते हसू संपेपर्यंत उभे राहिले. धाकटे साहेब कडेला उभे राहून त्यांच्याकडे बघत होते. मूळ प्रत भिंगकाकांच्याच खणात कुलपात असते, हे त्यांना आठवलं असावं, पण ते काही बोलले नाहीत. पुढे येऊन त्यांनी वडिलांचा शब्द पाळला. "अध्यक्ष, तुम्ही चूक दाखवलीत. चोविसाव्या भागाची पहिली प्रत तुम्हाला भेट."

टाळ्या झाल्या. वहिनींनी आणि भिंगकाकांनी त्या क्षणी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पण अध्यक्षांच्या हातात अजून ध्वनिक्षेपक होता. तो देणारा पस्तावतो, असा सगळ्या सभांचा अनुभव आहे. ते व्यासपीठाकडे वळले. "दादा, तुम्हाला राग नाही आला? यांनी परस्पर पक्कडमामाला परत आणलं!"

भिंगकाका ध्वनिक्षेपकाकडे सरकले.

दादांचा चेहरा उजळला. "आला होता का तो?" ते म्हणाले. "बरं झालं. काम झालं का त्याचं?"

सभागृहाने छप्पर डोक्यावर घेतलं. काय हजरजबाबी माणूस! या वयात! लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मालिका सोडणारे गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "बघा, याला म्हणतात मोठेपणा. दुसऱ्याची चूक किती हलक्या हाताने झेलली." भूमितीच्या बाईंनी ते वाक्य चौदा पानांच्या मागे टिपून घेतलं. दादांनीही टाळ्या वाजवल्या, कशाबद्दल ते न विचारता. वहिनी मात्र हातरुमालाची घडी घालत होत्या, लहान, आणखी लहान.

बाहेर पडताना भिंगकाकांना कुणी थांबवलं नाही. एरवी दर मेळाव्यात चार-दोन जण हात मिळवायला यायचे. आज एकाने दुसऱ्याला नुसतं दाखवलं, "तेच ते."

दादा मोटारीत बसता बसता त्यांच्याकडे वळले. "भिंग, घरी या हो. बऱ्याच दिवसांत आला नाहीत."

"येतो, दादा."

वहिनींनी दार लावण्याआधी त्यांच्या हाताला हात लावला, इतकंच.

सोमवारी धाकट्या साहेबांनी तसबीर उतरवली नाही. पण उरलेल्या प्रतींत चिकटवायची एक चिठ्ठी त्यांनी तयार करून घेतली, बोटभर उंचीची. अक्षरजुळणी करणारी मुलगी कच्चा कागद घेऊन भिंगकाकांच्या टेबलाशी घुटमळली.

"काका, हे तुम्ही वाचणार की... दुसऱ्या कुणाला देऊ?"

"दुसरं कोण आहे?"

तिने कागद ठेवला आणि ती गेली नाही.

भिंगकाकांनी खुर्ची खिडकीकडे ओढली. 'पान ११२ वर पक्कडमामा याऐवजी पंपवाला असे वाचावे. ही चूक मुद्रितशोधकाच्या दुर्लक्षामुळे राहिली आहे. लेखकाचा तिच्याशी संबंध नाही.' तेवीस पुस्तकांत मुद्रितशोधकाचा उल्लेख हा पहिलाच. ते सगळं वाचतात तसंच त्यांनी तेही वाचलं, ओळीखाली बोट ठेवून, तीनदा, घाई न करता.

"काही चूक आहे का, काका?"

"नाही," भिंगकाका म्हणाले. "बरोबर आहे सगळं."

आणि त्यांनी कागदाच्या तळाशी, नेहमीच्या जागी, नेहमीच्या अक्षरात लिहिलं: छापण्यास हरकत नाही. खाली सही केली.