सोडूचां काय?

सुविधाला कुठल्याही गोष्टीच्या आत काय आहे ते बघितल्याशिवाय चैन पडत नसे. मिक्सर बंद पडला की घरातले दुकानाचा नंबर शोधत, आणि ही स्क्रू-ड्रायव्हर. खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही बाकीचे पेशंट घरी कधी सोडणार म्हणून विचारत होते आणि ही डॉक्टरांना विचारत होती की आत घातलेला दोरा पुढे विरघळतो की तसाच राहतो. डॉक्टर बिचारे चांगले होते. त्यांनी कागदावर हाड काढलं, फाटलेली शीर काढली, ती हाडाला परत कशी शिवली तेही काढून दाखवलं. सुविधाने तो कागद फ्रिजवर चिकटवला. जेवताना समोर हाड नको म्हणून तिच्या सासूने, गंगाबाईने, त्यावर कॅलेंडर टांगलं.

खांदा फाटला होता बसमध्ये. सुविधा पणजीला सरकारी कचेरीत कामाला, रोज पार्शाहून जा-ये. एका संध्याकाळी खाजगी बसच्या ड्रायव्हरने असा काही ब्रेक मारला की वरच्या दांड्याला धरलेला तिचा उजवा हात तिथेच राहिला आणि बाकीची सुविधा पुढे गेली. पण घरात सगळा ठपका आला धनुष्यावर. चाळिशीतल्या बाईने धनुष्यबाण चालवायचा म्हणजे दुसरं काय होणार, असं प्रत्येकाचं म्हणणं. बस सोड असं तिला एकानेही सांगितलं नाही.

तिरंदाजीही तिला अशीच चिकटली होती. मुलीला, क्षमाला, उन्हाळी शिबिराला घालायला म्हणून ती पेडण्याच्या मैदानावर गेली. क्षमाने आठवडाभरात शिबिराला रामराम ठोकला आणि आई तिथेच राहिली. इतकी वाकलेली काठी सरळ होताना बाण नेमका कुठून निघतो, हे तिला बघायचं होतं. बघता बघता ती राज्याच्या स्पर्धेपर्यंत पोचली. नवऱ्याला, गौरेशला, बायकोचं कौतुक होतं, पण ते तो आईसमोर दाखवत नसे.

ऑपरेशननंतर बरेच महिने रबरी पट्ट्या ओढण्यात गेले. मग डॉक्टर म्हणाले, आता हलकं धनुष्य घेऊन बघायला हरकत नाही. सुविधा त्याच रविवारी मैदानावर हजर. तिथे शिकवणारी अंकिता सावंतवाडीची, वयाने तिच्याहून कितीतरी लहान. तिने शिकाऊ मुलांचं धनुष्य हातात दिलं आणि निशाण इतकं जवळ आणून ठेवलं की आंधळ्याचाही बाण लागावा. सुविधाने दोरी ताणली. हनुवटीपर्यंत आली. खांदा काही बोलला नाही. आता फक्त बोटं सैल करायची होती.

बोटं उघडली नाहीत.

तिने दोरी हळूच परत नेली. पुन्हा ताणली, पुन्हा परत. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. दोरी सुटताना जो हिसका बसतो तो आठवला की तिला ती बस आठवे आणि बोटं दोरीला घट्ट धरून बसत. घरी तिने हे कुणाला सांगितलं नाही. “बरां चल्लां,” एवढंच म्हणे. तिला लाज वाटत होती, आणि भीतीही. आपल्याला परत कधीच बाण मारता येणार नाही की काय, ही भीती.

आणि अशातच गंगाबाई देवळात जाऊन प्रसाद घेऊन आली.

आपल्याकडे प्रसाद घेतात म्हणजे काय, ते ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. भट देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो, भाविकाचं गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गौरेशचं दुकान, विहिरीची जागा, खुद्द सुविधाचं स्थळ, सगळं त्या घराने प्रसादावर ठरवलेलं. एकदा मिळालेला प्रसाद परत विचारायचा नाही, हाही नियम.

“देवान उजवो दिल्यान,” गंगाबाईने पायरीवर चपला काढता काढता सांगितलं. “सोड म्हणता.”

गौरेश खाली मान घालून चहा पीत राहिला. सुविधा न्हाणीत गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली. तिचाही देवावर विश्वास होता, हीच तर पंचाईत. शिवाय बोटं उघडत नव्हती. देवाला ते दिसलं असणार, असं तिला वाटलं.

पण रडून झाल्यावर तिच्या डोक्यात भुंगा शिरला. कचेरीत इतकी वर्षं काढलेली बाई. नुसतं ‘मंजूर’ लिहिलेलं असून भागत नाही, अर्जात काय मागितलं होतं तेही बघावं लागतं. देवाने होकार दिला, ठीक. पण विचारलं काय होतं?

“आई, तुमी नेमकां काय इचारलात देवाक?” तिने रात्री जेवताना विचारलं.

“इचारूचां ता इचारलंय,” गंगाबाई म्हणाली आणि आमटीचा टोप उगाचच परत गॅसवर ठेवला. सासू अशी नजर चुकवायची नाही कधी. सुविधाचे कान टवकारले.

शनिवारी ती देवळात गेली. नारायणभट समया पुसत बसले होते. तिने हात जोडले आणि सरळ विचारलं. प्रसाद बदलून मागायला आलेली नाही, फक्त गाऱ्हाण्यात काय घातलं होतं तेवढं कळलं तर बरं.

“तुजी सासू म्हणाली, ‘सुनेन आता सोडूचां काय, इचार’,” भटजी म्हणाले. “आता सोडूचां म्हंजे काय सोडूचां? देवाक नीट सांगूक नको? तू बाण मारतंस ता आख्ख्या पार्शाक म्हायत. तेवा मी पुरां करून घातलंय, ‘रे महाराजा, हिच्या सुनेन परत बाण सोडूचे काय? व्हय जाल्यार उजवो दी.’”

 “बाण सोडूचे?”

“मगे? बाण सोडतत नाय तर काय करतत? आणि उजवो असो पडलो, माजे हात जोडून जावचे आदीच.”

तिला हसू आवरेना. देवळात मोठ्याने हसू नये म्हणून तिने पदर तोंडात कोंबला. सासूने विचारलं हिने सोडून द्यावं का, भटाने विचारलं हिने सोडावेत का, आणि देवाने दोघांना मिळून एकच पाकळी दिली. हसू ओसरल्यावर मात्र नवीनच प्रश्न उभा राहिला, आणि ती तो न विचारता घरी गेली असती तर ती सुविधा कसली?

“भटजी, मग देवान जबाब दिल्यान तो कोणाक? आईंच्या मनात होता तेका, की तुमच्या तोंडात होता तेका?”

नारायणभटांनी समई खाली ठेवली. “मनातलां आयकून देव जबाब देवूक लागलो, तर गाऱ्हाणां घालूक माका कशाक ठेवतले?” असं म्हणून त्यांनी पुढची समई घेतली.

घरी गंगाबाई आडाळ्यावर नारळ खवत बसली होती. सुविधा समोर जमिनीवर बसली आणि भटाने सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. सासू चकित होईल, भटाला चार शिव्या घालील, अशी तिची अटकळ. गंगाबाईचा हात थांबलासुद्धा नाही.

“आयकलंय मी तेवाच,” ती म्हणाली. “भट काय कानात सांगता? बोंबलता.”

“म्हंजे तुमका म्हायत होतां? आणि तरीय माका सोड म्हणून सांगितलात?”

आता हात थांबला. “तुका ऑपरेशनाच्या खोलयेतसून भायर काडल्यानी तेवा तू माका वळाखलंस नाय. मी तुजो हात धरलंय, तर माकाच इचारतंस, ‘कोण गो तुमी?’ गौरेश म्हणालो, भुलीचां वखद असा, उतरतलां. माका ता म्हायत नाय काय? पण ता उतरासर माजो जीव थाऱ्यार नाय होतो.” तिने नारळाची वाटी ताटात पालथी घातली. “त्या खोलयेभायल्या खुर्चेर माका परत बसूचां नाय. देव तुका काय सांगूदे. माका बसूचां नाय.”

सुविधाला राग येणार होता, तो आलाच नाही. भूल उतरताना आपण काय बोललो ते तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि सगळ्या चौकशा करताना तिनेही ती एक केली नव्हती. बाहेर कोण कसं बसलं होतं, हे तिने कुणालाच विचारलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं.

“आई,” ती म्हणाली, “देवान सांगून काय उपेग नाय. माका सोडूकच येना.”

“म्हंजे?”

“दोरी ताणतंय, पण बोटां उघडत नाय. भिया वाटता. इतक्या दिसांत एक बाण सुटूक नाय माज्यान.”

गंगाबाईने तिच्याकडे नीट बघितलं. मग तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि नारळाने चिकट झालेल्या बोटांनी तिची तीन बोटं उघडून, मिटून बघितली. “उघडतत तर,” ती म्हणाली. “थंय काय जाता तेंका? दाखय माका.”

दुसऱ्या दिवशी गंगाबाई आयुष्यात पहिल्यांदा त्या मैदानावर आली. अंकिताने लगबगीने प्लास्टिकची खुर्ची आणली, पण गंगाबाई तिच्यावर बसली नाही. सुनेच्या पाठीमागे, बाणांच्या भात्याशेजारी उभी राहिली.

सुविधाने दोरी ताणली. हनुवटीपर्यंत आली. बोटं नेहमीसारखी घट्ट झाली.

“ताई, सोडा आता,” अंकिता हळूच म्हणाली.

“तू गप ऱ्हव गो,” मागून गंगाबाई म्हणाली. “तिचां ती सोडतली.”

दोरी हनुवटीला टेकलेली. सुविधाला मागचा श्वास ऐकू येत होता, थोडा धापेचा, तिच्याइतकाच घाबरलेला. या भीतीवर आपला एकटीचा हक्क नाही हे तिला कळलं, आणि का कोण जाणे, त्यामुळे भीती जराशी हलकी झाली. मग तिला वाटलं, सुटल्यावर पुढे काय होतं ते आपण ऑपरेशननंतर एकदाही बघितलेलं नाही. खांदा काय म्हणतो? आतला दोरा काय म्हणतो? तिला ते बघायचं होतं, खरोखरच बघायचं होतं.

दोरी गेली. बाण निशाणाच्या कागदाला चुकवून खालच्या गवताच्या पेंढीत घुसला. हिसका बसला तो खांद्यापासून पार कोपरापर्यंत.

“दुखलां?” गंगाबाईने विचारलं.

“वायच.”

“मगे?”

सुविधाने मागे न बघता हात पसरला. “दुसरो दिया.”

गंगाबाईने भात्यातून एक बाण उपसला, पदराने पुसला आणि तिच्या हातात ठेवला.