जावयाकडून घ्यायचं नसतं

मुरलीधररावांनी गुणवंतला पहिल्यांदा पाहिलं ते नागपुरात, एका मुंजीच्या पंगतीत. मांडवात शिरताना तोरणाला डोकं लागू नये म्हणून गुणवंत वाकला, आणि मुरलीधररावांच्या तोंडाशी गेलेली मठ्ठ्याची वाटी तिथेच थांबली. ते पानावरून उठले, ना नाव विचारलं ना गाव, सरळ म्हणाले, "जरा हात वर करा बघू." गुणवंतने बिचाऱ्याने केला. पुढे गोत्र, शिक्षण, पत्रिका असं सगळं रीतसर झालं, पण लग्न जमलं ते त्या वर केलेल्या हातावरच.

जबलपूरला लष्करी सामानाच्या फॅक्टरीच्या वरच्या कॉलनीत मुरलीधररावांची बास्केटबॉलची टीम होती. कप्तान तेच. वय चव्वेचाळीस, पोट थोडं सुटलेलं, पण छातीपासून दोन्ही हातांनी फेकलेला त्यांचा लांबचा बॉल अजून जाळीत पडायचा. टीममध्ये सगळं होतं, नव्हता तो सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहून वरच्या वर बॉल झेलणारा उंच गडी. तो आता जावई म्हणून आला. "ह्यांनी पोरीसाठी नवरा नाही पाहिला, टीमसाठी सेंटर पाहिला," असं अनसूयाबाई शेजारणींना सांगत आणि वर स्वतःच हसत, कारण जावई गुणी निघाला होता. त्यांच्या शैलजाचीही तक्रार नव्हती.

ते पासष्ट साल. फॅक्टरीत नवी भरती जोरात होती आणि गुणवंतला मशीन शॉपमध्ये काम मिळालं. क्वार्टर मात्र मिळेना, कारण नव्या माणसांनी कॉलनी गच्च भरली होती. तेव्हा लग्नानंतर जोडपं राहिलं ते सासऱ्याच्याच क्वार्टरमध्ये.

गुणवंतला याचं खरं तर सुख वाटायला हवं होतं. त्याचे आईवडील लहानपणीच गेले. तो वाढला काकांकडे, आणि तिथे त्याला कुणी वाईट वागवलं नाही, पण हा आपला नाही हे कुणी विसरूही दिलं नाही. घरातल्या पोरांना काका रागवायचे, धपाटे घालायचे, मग जवळ घ्यायचे. गुणवंतला रागवायचे नाहीत. त्या न रागवण्याचं दुःख त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा त्याला एकच हवं होतं, की आता तरी एखाद्या घरचं आपण व्हावं.

आणि मिळाला काय, तर मान! चहा पहिला त्याला. खुर्ची एकुलती एक, ती त्याला. ताट उचलायला गेला की अनसूयाबाई "अगंबाई!" करून धावत येत. एकदा तो पिशवी घेऊन जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजाराला निघाला तर मुरलीधररावांनी फाटकात गाठून पिशवी काढून घेतली. "जावईबापू, आपण भाजी आणणार? लोक काय म्हणतील!" पाहुण्याला दाखवायचं म्हणून नर्मदेवरचा भेडाघाट तर त्याला इतक्यांदा दाखवला होता, की नाववाले त्याला ओळखू लागले. दिवाळसणाला सासऱ्यांनी सुटाचं कापड दिलं. ते दोन सुटांना पुरेल एवढं होतं. गुणवंत म्हणाला, "मामाजी, यात तुमचाही होईल." मुरलीधररावांनी कानांना हात लावले. "जावयाकडून घ्यायचं नसतं. जावयाला द्यायचं असतं." झालं. सहा महिने झाले तरी गुणवंत त्या घरात पाहुणाच.

पाकिस्तानशी झालेल्या लढाईच्या दिवसांत ब्लॅकआउटमुळे खेळ अंधाराच्या आत आटपावा लागे, आणि कोर्टाच्या कडेला खणलेल्या खंदकात बॉल सारखा पडे. सप्टेंबरअखेर लढाई थांबली, दिवाळी झाली, आणि कॉलन्यांचे शिल्डचे सामने लागले. पहिल्या सामन्यात गुणवंतने धुमाकूळ घातला. मुरलीधरराव लांबून बॉल उंच टाकत, गुणवंत तो झेलून वळला की बास्केट. लोकांनी टाळ्या पिटल्या. मुरलीधररावांची छाती अशी फुगली की बनियनात मावेना.

दुसऱ्या सामन्यात गाठ पडली खालच्या कॉलनीशी, म्हणजे बंडूभाऊंशी. बंडूभाऊ मुरलीधररावांचे जुने दोस्त आणि त्याहून जुने वैरी. दोघे एकाच शॉपमध्ये, एकाच डबीतला तंबाखू खाणारे, पण रविवारी कोर्टावर एकमेकांचे कुणी नाहीत. बंडूभाऊंनी एकच गोष्ट केली. गुणवंतच्या हातात बॉल आला रे आला, की त्याच्यावर एकाच्या जागी दोघे सोडले. एक पाठीला, एक पोटाला, चार हात डोळ्यांसमोर. गुणवंतला ना बास्केट दिसे ना आपला माणूस. तो घुसायला जाई आणि बॉल गमावून बसे. सामना गेला. मात्र गटात दोन नंबरला राहिल्याने फायनलला पुन्हा याच बंडूभाऊंशी खेळायचं होतं.

आता यावरचा उपाय काही कुणाला माहीत नव्हता असं नाही. दोघे एकाला धरतात तेव्हा उरलेल्या चौघांना तिघेच धरू शकतात. म्हणजे कुणीतरी मोकळा असतोच. दुसरा पोहोचायच्या आत बॉल बाहेर फेकायचा, मोकळ्याने तो घ्यायचा, की चार हात रिकामेच. हे सगळ्यांना पाठ होतं. पण करायचं कुणी? कारण गुणवंतवर धावून जाणारा दुसरा गडी होता तो मुरलीधररावांना धरणारा, म्हणजे स्वतः बंडूभाऊ. मोकळे राहत ते मुरलीधरराव. आणि मुरलीधरराव जावयाला बॉल दिला की मागे वळून चालू लागत. दिलं, विषय संपला! दिलेलं परत घ्यायला जावयापुढे दोन्ही हात पसरून उभं राहायचं, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. ते हे ठरवून करत होते असंही नाही. हातच पुढे होत नसत.

ही गोम कळली ती शैलजाला. मागल्या अंगणात कपडे वाळत घालता घालता गुणवंतचं रडगाणं ऐकून ती हसायलाच लागली.

"अहो, बाबा तुमच्याकडून बॉल घेतील कसे? त्यांनी तुमच्याकडून सुपारी कधी घेतली आहे का?"

"मग मी काय करू?"

"विचारू नका. सरळ फेका. अंगावर आल्यावर माणूस धरतोच ना!"

बायकोचा सल्ला ऐकावा, पण पूर्ण विचार करून ऐकावा. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला मुरलीधररावांनी बॉल दिला, पाठ फिरवू लागले, आणि गुणवंतने तो जोरात परत फेकला. तो बसला त्यांच्या बरगडीत. धप्प आवाज झाला. कोर्टावर सगळे गार. टीममधला अच्युत, ड्रॉइंग ऑफिसातला चपळ पोरगा, तेवढं म्हणाला, "हे भगवान, लग गया क्या?"

"नाही, नाही," मुरलीधरराव छाती चोळत म्हणाले. "जावईबापूंची काही चूक नाही. मीच आडवा आलो."

संध्याकाळपर्यंत जावयाने सासऱ्याला बॉल फेकून मारला ही बातमी दोन्ही कॉलन्या करून आली. अनसूयाबाईंनी हळदीचा लेप करून नवऱ्याच्या छातीला लावला आणि जावयाला मात्र शिरा वाढला, नेहमीपेक्षा जास्त तूप घालून. कुणी त्याला रागावलं नाही. गुणवंत तो शिरा ताटातच इकडचा तिकडे करत बसला. पोटच्या पोराने मारला असता तर ह्या घरात आज भांडी वाजली असती. आपल्याला तूप! त्या रात्री त्याला काकांचं घर आठवलं आणि फार वाईट वाटलं. आपण मरेपर्यंत पाहुणेच राहणार, असं त्याच्या मनाने घेतलं.

फायनलचा रविवार उजाडला. थंडी पडू लागली होती. पहिल्या शिफ्टची सुट्टी असलेले सगळे, बायका-पोरांसह, खंदकाच्या मातीच्या ढिगाऱ्यावर चढून बसले. अनसूयाबाई मात्र असल्या ठिकाणी येत नसत. त्या घरी पुरणाच्या तयारीला लागल्या होत्या.

पहिला अर्धा खेळ मागच्याच सामन्यासारखा गेला. गुणवंतला बॉल, त्याच्यावर दोघे, बॉल गेला. गुणवंत आता फेकायलाही घाबरत होता. बरगडीचा तो धप्प आवाज कानांतून जात नव्हता. मध्यंतराला वरची कॉलनी चांगलीच मागे होती. अच्युत चिडून म्हणाला, "काका, भैया तिथे अकेला फसून राहिला आहे, आणि आपण तमाशा पाहून राहिलो!" मुरलीधररावांनी त्याला डोळे वटारून गप्प केलं. पण तोंडातली लिंबाची फोड त्यांना एरवीपेक्षा आंबट लागली.

दुसऱ्या अर्ध्यात बंडूभाऊंना जिंकण्याची इतकी खात्री वाटली, की त्यांची जीभ सुटली. इथेच ते चुकले. मुरलीधररावांना धरायला निघालेल्या आपल्या एका पोराला त्यांनी भर कोर्टात ओरडून सांगितलं, "अरे, त्या मुरलीला सोड! त्याला धरायची जरूरतच नाही. तो जावयाकडून काही घेत नसतो! माझे तीन जावई आहेत, मला सब मालूम आहे!"

मातीच्या ढिगाऱ्यावर हशा पिकला. मुरलीधरराव जागीच थांबले. आपण ज्याला रीत म्हणतो तिच्यावर बंडू बाजी मारून राहिला आहे, हे त्यांच्या टाळक्यात शिरलं, आणि तिकडे बास्केटखाली चार हातांच्या मध्ये त्यांना गुणवंतचा चेहरा दिसला. तो त्यांच्याकडेच बघत होता. फेकू की नको, असं विचारत होता. आपण ह्या पोराला मान देता देता एकटं टाकलं, असं त्यांना एकदम वाटलं आणि स्वतःचाच भयंकर राग आला. तो राग निघाला मात्र भलत्यावर.

"अरे गुणवंता!" ते असे गरजले की कावळे उडाले. "गाढवा, काहून धरून बसला? दे ना इकडे!"

आणि दोन्ही हात पुढे पसरले.

गुणवंतला क्षणभर कळेचना की हे आपल्यालाच. मग त्याने चार हातांच्या वरून बॉल सोडला. तो मुरलीधररावांच्या तळव्यांत बसला. त्यांच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. त्यांनी आरामात गुडघे वाकवले, छातीपासून बॉल फेकला, आणि जाळी हलली.

"पुन्हा दे!" ते ओरडले. पुन्हा दिला. पुन्हा पडला. मग बंडूभाऊंना झक मारत त्यांच्याकडे परत यावं लागलं, आणि गुणवंतवर एकच गडी राहिला. एकट्याची काय बिशाद! गुणवंतने सपाटा लावला. त्यांनी पुन्हा दोघे धाडले की तो दुसरा पोहोचायच्या आत बॉल काढून टाकी, कधी सासऱ्याकडे, कधी कोपऱ्यात. आणि मुरलीधररावांचं तोंड काही बंद होईना. "लवकर दे! वाट कोणाची पाहून राहिला? डोळे फुटले का रे?" सहा महिन्यांचं तुंबलेलं बाहेर पडत होतं. एवढ्या शिव्या गुणवंतने जन्मात खाल्ल्या नव्हत्या, आणि प्रत्येक शिवीगणिक त्याच्या अंगात बळ येत होतं.

शेवटी बरोबरी झाली आणि थोडासाच वेळ उरला. बॉल गुणवंतकडे आला. दोघे त्याच्यावर चालून आले. बाहेर मुरलीधरराव हात पसरून "दे! मला दे!" करून नाचत होते, तेव्हा तिसरा गडी घाबरून त्यांच्याकडे धावला. ह्या गडबडीत अच्युत बास्केटखाली घुसला आणि त्याला कुणी पाहिलंच नाही. गुणवंतने बॉल त्याच्या हातात ठेवला. अच्युतने नुसता वर सरकवला. शिट्टी झाली.

लोक कोर्टात घुसले. मुरलीधरराव मात्र तावातावाने गुणवंतकडे निघाले. "मी मोकळा होतो! मला काहून नाही दिला?" आणि बोलता बोलता खड्ड्यात पाय मुरगळून खाली बसले. बंडूभाऊंनीच आधी धावत जाऊन त्यांना हात दिला. "मुरली, माझंच तोंड मला नडलं," ते म्हणाले आणि त्यांनी तंबाखूची डबी पुढे केली.

गुणवंतने सासऱ्याला सायकलच्या कॅरियरवर बसवलं आणि चढावरून घरी निघाला. शिल्ड मुरलीधररावांच्या मांडीवर होती. शैलजा मागून चपला हातात घेऊन पळत येत होती. वाटेभर "खड्डा चुकव, आंधळ्या" चालूच होतं.

फाटकाशी अनसूयाबाई उभ्या होत्या. त्यांनी शिल्ड पाहिली नाही, सुजलेला पाय पाहिला. मग त्यांची नजर नवऱ्याकडे गेली, पण तिथे बोलून उपयोग नाही हे त्यांना वीस वर्षांच्या संसारात कळलं होतं. त्या गुणवंतकडे वळल्या.

"तुला अक्कल आहे का रे? ह्यांचं वय काय, हे उड्या काय मारतात, तू एवढा ताडमाड तिथे असून तुला थांबवता नाही आलं? उद्या शिफ्टला कोण जाणार? आणि ही तंगडी शेकायची कोणी, मी? तोंड काय पाहून राहिला? जा, चुलीवरून गरम पाणी आण!"

शैलजाने जीभ चावली. मुरलीधररावांनीही मान खाली घातली. गुणवंत सायकल धरून उभा होता, सासूबाईंचा एकेक शब्द ऐकत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"आणतो, आई," तो म्हणाला आणि पळत आत गेला.