मागची काच

दार उघडताच तिच्या नाकात वास चढला. तिखट, डोळ्यांत पाणी आणणारा. लहानपणी बाबा कामावरून घरी यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला हाच वास असायचा.

"बाबा, काय पुसलंत?"

"आधी बघ तर खरं!" बाबा हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, मांडीवर घडी केलेलं फडकं. "जावईबापू आले की तोंडात बोट घालतील."

हॉलच्या कोपऱ्यात माशांची टाकी होती. तिच्या चारही बाजू आरपार दिसत होत्या. वर्षभर हिरवी असलेली मागची काच इतकी लख्ख झाली होती की तिच्यातून भिंतीच्या रंगाचे पोपडेही दिसत होते.

ते हिरवं तिच्या नवऱ्याने मुद्दाम ठेवलं होतं. टाकीत फक्त आठ ओटो होते. बोटाच्या पेराएवढे, शेवाळ खाणारे छोटे कॅटफिश. दिवसभर काचेला तोंड चिकटवून खरवडत बसणारे. याआधी दोनदा आणलेले ओटो स्वच्छ टाकीत उपाशी मरून गेले होते. या खेपेला त्याने समोरची काच तेवढी पुसायची आणि बाकी शेवाळाला सोडून द्यायची, असं ठरवलं, तेव्हा कुठे ते टिकले. रोज सकाळी चहाचा कप घेऊन तो त्यांची पोटं बघायचा. पोट गोल तर मासा ठीक, आत गेलं तर गेला. "माझ्या पोटाकडेही कधी इतकं बघितलं नाहीस," असं ती म्हणायची.

आता एकही मासा काचेवर नव्हता. एक सरळ वर उसळला, पृष्ठभागावर तोंड मारलं आणि दगड पडावा तसा खाली आला. मग दुसरा. एक वाळूवर आडवा होता, कल्ले भराभर हलत होते.

"आतून कशानं पुसलंत, बाबा?"

"आपल्या लिक्विडने. अर्धं पाणी बादल्यांत काढलं, काच पुसली, तेच पाणी परत भरलं. थेंब वाया घालवला नाही." तिचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "का गं?"

बाबांनी जन्मभर लोकांच्या घरांना, दुकानांना काचा बसवल्या. काच बसवली की शेवटचा हात आपल्याच लिक्विडचा, हा त्यांचा नियम. घरी मिसळलेलं, अमोनिया घातलेलं. डाग दिसला की त्यांचा हात थांबत नसे. या घरात येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. त्याआधी ते आपल्या खोलीत एकटेच राहायचे. तिथे न्हाणीघरात पडले आणि शेजाऱ्याला हाक ऐकू जाईपर्यंत अर्धा दिवस तसेच पडून राहिले. ती त्यांना इकडे घेऊन आली, तेव्हा नवरा म्हणाला होता, "महिनाभर बघू. फक्त माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही." पहिल्याच आठवड्यात बाबांनी त्याची हत्यारांची पेटी आवरून ठेवली. त्यावर तो म्हणाला होता, "एकदा झालं. परत झालं तर मला सांगायला लावू नकोस."

तिने त्याला फोन लावला. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, शाफ्टमध्ये उतरला की रेंज जायची. फोन लागला नाही.

बाल्कनीत टाकीसाठी साठवलेल्या पाण्याचा ड्रम होता. तिने कपड्यांचा टब रिकामा केला, स्वच्छ विसळला, ड्रममधलं पाणी ओतलं. हात घालून बघितलं तर गार. टाकीतला हीटर आणि हवेचे बुडबुडे सोडणारा दगड काढला, धुऊन टबात सोडला, वर किटलीतलं थोडं कोमट पाणी घातलं.

"मी काय करू?" बाबांनी विचारलं.

"काही करू नका. मेहेरबानी करा आणि काही करू नका."

ते दोन पावलं मागे सरले. तिला वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता.

वाळूवरचा मासा जाळीत सहज आला. तेच भीतीचं होतं. बाकीचे निसटत होते. जाळी जवळ नेली की पानामागे, दगडाखाली, लाकडाच्या खाचेत. घाईत जोर लागला तर जाळीच्या काठाने चिरडायचे.

"टॉर्च धरा," शेवटी ती म्हणाली.

बाबांनी टॉर्च धरला. उजेड थरथरत होता. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट पकडलं, तरी थरथरत होता. दुसरा आला, तिसरा आला. चौथा, पाचवा. सहावा टबात सोडला तेव्हा पहिला पोट वर करून तरंगत होता.

"तो गेला?"

"हो."

बाबा हळूच म्हणाले, "मी पिशवी भरतो. जावईबापू यायच्या आत निघतो."

"कुठे? त्या न्हाणीघरात पडायला? उजेड इकडे धरा."

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. नवरा आत आला, वासाने थबकला. टाकी, टब, जाळी, टॉर्च, सगळं त्याने एका नजरेत बघितलं.

"मी पुसली काच," ती म्हणाली. "काच पुसायचं लिक्विड आत गेलं. माझी चूक."

तो टाकीपाशी गेला. वाकून मागच्या काचेकडे बघितलं. एक ओरखडा नाही, पाण्याचा ओघळ नाही, कोपरेसुद्धा स्वच्छ. मग त्याने बेडरूमच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "ती तू पुसलेली. तिच्यातून समोरची बिल्डिंग अजून धुक्यात आहे. मला येडा समजतेस?"

बाबा म्हणाले, "मीच पुसली, जावईबापू. तिला यातलं काही माहीत नव्हतं."

"मी काय सांगितलं होतं?"

"हात लावायचा नाही म्हणून."

"मग?"

"घाण दिसली."

नवऱ्याचा चेहरा लाल झाला. त्याच्या तोंडाशी आलेलं वाक्य तिला कळलं होतं. तिने जाळी घट्ट धरली. पण टाकीत लाकडाखालून एक मासा उसळला आणि नवरा बोलायच्या आधी वाकला. बाह्या न सारताच हात पाण्यात घातला, लाकूड अलगद तिरकं केलं. "उजेड! खाली! बाबा, खाली धरा!" तो ओरडला. तिने जाळी सरकवली. सातवा आला. आठवा लाकडाला चिकटला होता, लाकडासकट बाहेर आला, पण हलला नाही.

टबात सहा जिवंत होते. दोन तळाला बसले होते, बाकीचे अजून वर उसळत होते.

बाबा आत जाऊन पिशवी घेऊन आले. "उद्या सकाळी रिक्षा बोलवून दे," ते मुलीला म्हणाले. जावयाकडे बघितलं नाही.

नवरा टबाशी उकिडवा बसला होता. "उद्या जमायचं नाही."

"मी एकटा जाईन."

"तुमचं नाही म्हणत." आवाजात राग तसाच होता. "टाकी रिकामी करून तिचं पाणी परत माशांजोगं व्हायला कित्येक आठवडे. तोवर हे टबात. तासातासाला थोडं पाणी काढायचं, तेवढंच ड्रममधलं घालायचं. उकडलेली काकडी टाकायची, नासायच्या आत काढायची. मला ड्युटी, हिला ड्युटी. घरात कोण आहे दिवसभर?"

बाबांनी टबाकडे बघितलं.

"हे गेले तर मला तुमचं तोंड बघवणार नाही," तो म्हणाला. "खरं सांगतो."

"आणि जगले तर?" तिने विचारलं.

"आधी जगू देत."

बाबांनी पिशवी खाली ठेवली. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत टबापाशी बसले. नवऱ्याने ड्रममधून पाण्याचा मग भरून आणला आणि त्यांच्यापुढे धरला.

"टबाच्या कडेवरून सोडायचं. हळू."

"हळू म्हणजे किती हळू?"

"पाण्याचा आवाज आला तर जास्त झालं."

बाबांनी तो मग दोन्ही हातांनी धरला. नवऱ्याने त्यांच्या मनगटाखाली आपला हात ठेवला आणि दोघं टबावर वाकले.