आईची तक्रार

केबल कंपनीच्या तक्रार कक्षात आम्ही दोघी बसतो. दोन खुर्च्या, दोन फोन, मध्ये कमरेएवढी फळी. पलीकडे बसते तिला सगळे साखरबाई म्हणतात. हे नाव ग्राहकांनी दिलंय, म्हणून ते मला जास्तच झोंबतं.

काम चोख माझं. पिन काढा, पुसा, घट्ट बसवा, बॉक्स बंद करून चालू करा, झालं. तिचा एक ग्राहक संपेपर्यंत माझे चार उरकतात. तरी साहेब कौतुक करतात ते तिचं. लोक म्हणे तिच्याशी बोलून चित्र न येताही खूश होतात. चित्राशिवायच खूश व्हायचं होतं, तर केबल घेतली कशाला?

रोज दुपारी तिला एका काकूंचा फोन येतो.

"बोला काकू. आजही चौकोन चौकोन दिसतायत? आणि गुडघा?... अय्या! मग त्या मांजरीनं काय केलं?"

हसणं काय, खिदळणं काय. एकदा मी न राहवून विचारलं, "कोण गं या?"

फोनवर हात ठेवून ती म्हणाली, "आहेत बिचाऱ्या. मुलगी कुठल्याशा मोठ्या ऑफिसात आहे. तिला कामाच्या वेळी फोन केलेला चालत नाही."

"असतात एकेक मुली," मी म्हटलं.

"जरा यांची लाइन बघतेस? माझा स्क्रीन अडकलाय."

तिनं सांगितलेला ग्राहक क्रमांक मी टाकला. पत्ता उघडला. माझ्या आईचा. ही जोडणी मीच घेऊन दिली होती. सिग्नल उत्तम होता.

खरं सांगते, आधी लाज वगैरे काही वाटली नाही. जळफळाट झाला. मला दर रविवारी आई "सगळं ठीक आहे" एवढंच सांगते, आणि हिला गुडघा ठाऊक, मांजर ठाऊक! मांजर आली कधी? काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसंच. आणि वळसा तरी कुणाच्या दारात, तर हिच्या!

"लाइन ठीक आहे," मी म्हटलं. आणि तो पत्ता बंद केला.

दुसऱ्या दिवशी साखरबाई डबा खायला उठली, तेव्हा मी मुद्दाम मागे थांबले. तिचा फोन वाजला तशी झडपच घातली.

"नमस्कार, तक्रार कक्ष. बोला."

"ती नाही का? गोड बोलणारी?"

आईनं मला ओळखलं नाही. माझा ऑफिसातला आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता.

"जेवायला गेलीय. मला सांगा."

"मग राहू दे. जेवू दे पोरीला निवांत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सांगा ना, मला वेळ आहे."

"चित्र अडकतंय," ती नाइलाजानं म्हणाली.

"आणि गुडघा? मांजर?"

"हे तुम्हाला कसं ठाऊक?" तिनं दचकून विचारलं.

"आई, मी आहे गं."

"अगं बाई, तू?" चोरी पकडल्यासारखी ती घाबरली. "काही नाही गं, सहज... हे बघ, आलं चित्र! अगदी स्वच्छ आलं. तू कर तुझं काम."

"आई, थांब. बोल ना माझ्याशी."

"सगळं ठीक आहे," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

साखरबाई हात पुसत आली. मी तिच्या खुर्चीतून उठून माझ्या जागी जाऊन बसले, तोच तिचा फोन वाजला. "बोला काकू," म्हणाली आणि ऐकू लागली. मग मान उंच करून तिनं फळीवरून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नाही काकू," ती हळूच म्हणाली, "रागावलेली दिसत नाही."